धागा तुटला, ये

आमच्या सासूबाईंचं अर्धं आयुष्य यंत्रमागांच्या शेडमध्ये गेलं. तिथे यंत्रांचा असा खडखडाट, की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी वाया. म्हणून सगळ्याजणी ओठांनी आणि हातांनी बोलायच्या. नाकावर बोट टेकवलं की मुकादम येतोय. त्याचं नाकच तसं होतं म्हणे. दोन मुठी जोडून झटकन दूर केल्या की ‘धागा तुटला, ये’.

काम सुटल्यावर त्या आमच्याकडे आल्या आणि दीड वर्षाच्या नातवाला सांभाळू लागल्या. आम्ही दोघं बिनघोर कामावर. गप्पांत त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. फक्त बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. मी बावळट, जावयाचं इतकं मन लावून ऐकणारी सासू मिळाली म्हणून खूश!

एका संध्याकाळी जेवताना वीज गेली. आम्ही मेणबत्ती शोधत बडबडत होतो, तेवढ्यात अंधारातून सासूबाई करवादल्या, “अगं, गप्प का सगळे? दातखीळ बसली का?”

मेणबत्ती लागली तेव्हा बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. “आई, तुला ऐकू येत नाही?”

“मागांनी खाल्ले कान. थोडे उरलेत.”

“आणि हा रडला तर?”

“झोपला की झोळीची दोरी माझ्या पायाला बांधते. हलला की कळतं. जागा असला की नजरेआड करत नाही.”

बायकोला पटलं नाही. सोमवारपासून पाळणाघर, असा तिने निकाल दिला. एरवी शब्द खाली पडू न देणाऱ्या सासूबाई “त्याला नेऊ नको गं,” एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

रविवारी पोराची खेळण्यातली गाडी कपाटाखाली गेली. त्याने आईपुढे येऊन भोकाड पसरलं. तिचे हात कणकेत. मग स्वारी आजीकडे वळली. रडं एकदम बंद. गुडघ्यावर थोपटलं, आजीने बघितलं, आणि त्याने दोन इवल्या मुठी जोडून झटकन दूर केल्या.

सासूबाई उठल्या आणि झाडूने गाडी बाहेर काढली.

“हे तू शिकवलंस?” बायकोने विचारलं.

“मी त्याला तसंच बोलावते. आजीपुढे रडून उपयोग नाही, हे मात्र त्याचं त्यालाच कळलं.”

बायको कणकेच्या हातांनीच आईच्या गळ्यात पडली.

पाळणाघर राहिलं ते राहिलंच. कानाचं यंत्र मात्र आलं. ते लावून सासूबाईंनी माझ्या गप्पा पहिल्यांदा नीट ऐकल्या. तेव्हापासून मी तोंड उघडलं की यंत्र काढून ठेवतात आणि नातवाशी हातांनी बोलत बसतात.