हाराचा फोटो

हे माझ्या तोंडून अजून कुणीही ऐकलेलं नाही. बायकोनंसुद्धा नाही — आणि ती तर माझ्या बोटांच्या वासावरून ओळखते की आज मी रोल धुतला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. ओळखत असता तर सांगितलं नसतं, एवढंच खरं.

मी नांदेडला शाळेत शिकवतो. जुन्या कॅमेऱ्यात रोल घालून फोटो काढायचे आणि ते रंगीत रोल घरीच, मोरीत बसून धुवायचे, हा माझा छंद. छंद म्हणताना आता तोंड कडू होतं. गळ्यात जुना कॅमेरा असला की चार माणसं जवळ येऊन विचारतात ना — तेवढ्यासाठी तर तो होता.

दिगंबर माझ्याच शाळेत आहे. त्याचं गाव हिमायतनगरकडे. त्याची आई, गयामावशी, आजारी होती, आणि हे दुखणं उठू देणार नाही हे तिला घरात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. आमच्याकडे काही म्हातारी माणसं भिंतीवर लावायचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवतात. त्यासाठी तिनं मला बोलावलं. मोबाईल कुणी धरला की ती पदर ओढून तोंड फिरवायची. माझा कॅमेरा मात्र तिनं हातात घेतला, तोलून पाहिला. "ह्यो खरा हाय," म्हणाली. "जड हाय."

ठेवणीतलं मोरपंखी लुगडं नेसून ती अंगणात लिंबाखाली खुर्चीवर बसली.

"बाबा, हाराच्या फोटोत हसावं का न्हाई?"

"हसा की, मावशी."

"मंग मानसं म्हनतील, म्हातारी मरून बी खुशीत हाय."

"आत्याबाई, हसाच," सून दारातून म्हणाली. "न्हाई तर भिंतीवरून बी माझ्या भाकरीला नावं ठेवीत बसाल."

म्हातारी हसली. पदर न ओढता, सगळं तोंड उघडून. नातीनं लगेच मोबाईल काढला. आणि मी — मी तिला तो आत ठेवायला लावला. "अशानं खऱ्या फोटोची किंमत जाते," असं मी त्या पोरीला म्हणालो.

रंगीत रोलचं औषध अडतीस डिग्रीवर लागतं. थोडं वर गेलं की रंग बिघडतात. फारच तापलं की फिल्मवरचा थर मऊ पडतो. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मोठ्या शहरांतल्या हौशी लोकांच्या एका ग्रुपवर मी फुशारकी मारून बसलो होतो — तुम्ही पाणी तापवत बसा, आमच्या नांदेडात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला की काम झालं. त्याचा व्हिडिओ टाकायचा होता. थर्मामीटर खिडकीत पडलेला होता. मी पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला पाहतात तसं, आणि मोबाईलकडे बघून हसलो. दुसरा कुठलाही फालतू रोल घेता आला असता. पण व्हिडिओत शेवटी चेहरा दिसायला हवा होता ना.

फिल्म बाहेर काढली तेव्हा दुधाची साय लागावी तसा थर बोटाला लागला. सगळ्या रोलची तीच गत. मावशीचा एक गाल हनुवटीवर घसरला होता. स्कॅन केल्यावर लुगडं शेवाळी, कातडी जांभळी. तरीही ती हसतच होती.

दिगंबरला मी फोनवर सांगितलं, रोल कोरा निघाला. जुना कॅमेरा, शटर अडकलं. त्या बिचाऱ्या यंत्रावर ढकललं.

"जाऊ द्या, सर," तो म्हणाला. "माय इचारून राहिली, परत कवा येता म्हनून."

येतो म्हणालो. गेलो नाही. गेलो असतो तर तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. ते लुगडं तिनं घडी न करता उशाशीच ठेवलं होतं, हे सुनेनं मला नंतर सांगितलं. नंतर, म्हणजे मातीला गेलो तेव्हा.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल — चुकला, मग भ्याला, होतं असं. थांबा.

पुढच्या हिवाळ्यात लातूरला हौशी मंडळींनी फोटोंचं प्रदर्शन भरवलं. त्यांना काहीतरी वेगळं हवं होतं. मी तो चेहरा पाठवला. हो, तोच. त्यांनी तो मोठा करून काळ्या चौकटीत मधल्या भिंतीवर लावला. लोक त्याच्यापुढे थबकायचे. कुणी म्हणालं, यात मरण दिसतं. हा परिणाम मी मुद्दाम साधलाय, गरम पाण्याचा प्रयोग आहे, असं मी सांगत होतो — आणि एक डोळा दाराकडे, हिमायतनगरकडचं कुणी आत येत नाही ना म्हणून.

एका बाईंनी विचारलं, "ह्या कोण?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "खेड्यातली एक म्हातारी."

हे म्हणताना मी अडखळलोसुद्धा नाही. मग आयोजकांनी मला शाल दिली. मी ती खांद्यावर नीट करून फोटोला उभा राहिलो. लोकांनी मोबाईलवर काढले. तेव्हा मला खऱ्या फोटोच्या किमतीची आठवण झाली नाही.

ती चौकट आता माझ्या कपाटामागे आहे, भिंतीकडे तोंड करून. फेकवत नाही. बघवतही नाही.

वर्षश्राद्धाला दिगंबरनं आग्रहानं बोलावलं. भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला होता — करडा, फुटलेला, डोळे ताणलेले, ओठ घट्ट मिटलेले. हार त्यालाच. मी हात जोडले आणि त्याच्याच खाली पंगतीत बसलो.

वाढता वाढता सून म्हणाली, "सर, त्या दिशी आत्याबाई कशा हसल्या व्हत्या, न्हाई? तसं हसताना आमी बी पयल्यांदाच बघितलं."

"सरांनी लई केलं मायसाठी," दिगंबर म्हणाला. "कॅमेऱ्यानं दगा दिला, त्याला ते काय करतील."

मी मान हलवली. पानातलं सगळं संपवलं. खीर चांगली झाली होती. मी परत मागून घेतली.