दादाच्या कुऱ्हाडी

नोकरी गेल्यावर दादानं पहिलं काय केलं, तर बाल्कनीत व्हिनेगरनं भरलेला टब ठेवला आणि त्यात एक गंजकी कुऱ्हाड बुडवली. वहिनी म्हणाली, "लोणचं घालतोयस का तिचं?" तो हसला नाही.

कुऱ्हाड त्यानं एप्रिलमध्ये घेतलेली. राजाच्या वाढदिवसाला इथले डच लोक रस्तोरस्ती चादरी पसरून घरातलं जुनं सामान विकतात, त्यातली. तेव्हा ती कपाटामागे पडून राहिली. ऑक्टोबरमध्ये आइंडहोवनच्या त्याच्या कंपनीनं "पुनर्रचना" केली, म्हणजे माणसं काढली, आणि ती कुऱ्हाड बाहेर आली.

मी पत्रकं लिहिते. भाडेकरूंसाठी, गोदामात राबणाऱ्या पोरांसाठी, ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्यासाठी. त्यामुळे सरळ लिहायची सवय आहे. दादा इथे आला तो कुशल स्थलांतरिताच्या परवान्यावर. नोकरी गेली की त्या परवान्यावर तीन महिने मिळतात. तेवढ्यात सरकारनं ठरवलेल्या पगाराची दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर बायकोमुलीला घेऊन चालू लागायचं. कर भरलात, डच भाषेच्या परीक्षा दिल्यात, मुलीला इथल्या शाळेत घातलंत, त्याचं काही नाही. तुम्ही कुशल आहात की नाही हे पगाराच्या पावतीवर ठरतं. मी आधी आलेली, शिकायला, आणि माझा कायमचा परवाना झालेला. म्हणून मी आरडाओरडा करू शकत होते. दादाला ते परवडणारं नव्हतं, असं त्याचं मत.

त्याचं सगळंच गुपचूप. पुण्याला आईबाबांना सांगितलं, साठलेली रजा घेतोय. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला जाऊन आला, तिथे सगळ्यांशी नव्या प्रोजेक्टबद्दल बोलला. रोज सकाळी ऑफिसची बॅग पाठीला लावून सायकलवर निघायचा, कारण खालच्या मजल्यावर त्याच्याच कंपनीतलं एक मराठी कुटुंब राहायचं. ग्रंथालयात बसून अर्ज पाठवायचा. भाचीला तर काहीच माहीत नव्हतं. ती आठ वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर डचमध्ये देते. बाबाच्या हाताला व्हिनेगरचा वास येतो अशी तिची तक्रार होती, तेवढीच.

अर्जांना नकार येत गेले, काहींना तेही नाही. दुपारी तो गावाबाहेर एका म्हाताऱ्याच्या शेडमध्ये जायला लागला. हा म्हातारा जुन्या कुऱ्हाडी दुरुस्त करून विकायचा. जंगलखात्याची माणसं, घरात लाकडाची शेगडी असलेले लोक, आणि दाढी वाढवून शनिवार-रविवारी रानात जाणारे ऑफिसवाले, अशी त्याची गिऱ्हाइकं. स्वभाव तिरसट. खांदा निकामी झालेला, लाकडी मोगरी उचलवत नव्हती. दादा आपली कुऱ्हाड दाखवायला गेला आणि तिथलाच झाला.

व्हिनेगरमधून निघालेलं पातं दादानं घासून चांदीसारखं केलं होतं. म्हाताऱ्यानं ते पाहून, चमक कशाला, धार बघ, एवढंच म्हटलं. मग त्याला अ‍ॅश नावाच्या झाडाच्या चिवट लाकडाची एक फळी दिली आणि दांडा करून आण म्हणून सांगितलं.

इथे दादानं चूक केली, आणि ती आपलाच माणूस करील. त्यानं कुदळीसारखा दांडा केला. पुण्याच्या सोसायटीत आमचा माळी कुदळीचा दांडा घालायचा तसा, वरचं टोक जाड, खालून निमुळता, कुदळीच्या भोकातून वरून खाली सोडायचा. जाड टोक अडकतं आणि प्रत्येक घावाला आणखी घट्ट बसतं. तो आमच्या डोळ्यांत बसलेला. पण इथल्या कुऱ्हाडीचं भोक मधे अरुंद आणि वरखाली रुंद असतं. दांडा खालून घालायचा, वरच्या टोकाला चीर पाडलेली असते, तिच्यात लाकडाची पाचर ठोकायची, म्हणजे लाकूड फाकून वरच्या रुंद भागात घट्ट बसतं. दादाचा दांडा फक्त मधल्या अरुंद जागी टेकला होता. म्हाताऱ्यानं एकदा ओंडक्यावर घाव घातला, दुसऱ्या घावाला पातं फिरलं. त्यानं दांडा ओढून काढला आणि शेगडीत टाकला. दादाचे तीन दिवस होते त्यात.

"उद्या ये," म्हातारा म्हणाला. "किंवा नको येऊस."

दादा गेला. मग रोज जात राहिला. मी एकदा बघायला गेले तर तो कुऱ्हाड उलटी धरून उभा होता, पातं खाली, हवेत लोंबतं, आणि दांड्याच्या बुडावर मोगरीनं ठोकत होता. मला वाटलं पातं निसटून पायावर पडेल. उलट ते दर ठोक्याला दांड्यावर वर वर चढत होतं. पातं जड, ते जागच्या जागी राहतं आणि दांडा त्यातून खाली जातो, असं त्यानं मला समजावलं, इंजिनिअरच्या थाटात. महिनाभरात पहिल्यांदा त्याचा आवाज मोठा होता. घासण्याच्या यंत्रावर धार लावायची नाही, पातं तापून निळं पडलं की त्याला दिलेलं पाणी उतरतं, कडकपणा जातो, मग ते पातं भंगाराच्या लायकीचं. कानस घ्यायची आणि हातानं करायचं. दांड्याला जवसाचं तेल. हे सगळं तो जेवताना बोलायचा, आणि वहिनी ताटाकडे बघत ऐकायची. एकदा तिनं विचारलं, अर्ज किती पाठवले आज. तो उठून हात धुवायला गेला.

डिसेंबरात म्हाताऱ्यानं त्याला विचारलं की माझ्याकडे कामाला येशील का, मागण्या एवढ्या साठल्यात की माझ्यानं होत नाही. तुझे दांडे आता माझ्यापेक्षा बरे होतात, असंही म्हणाला, आणि हा माणूस कुणाला बरं म्हणत नसे. त्या संध्याकाळी दादानं घरी येऊन ते सांगितलं तेव्हा वहिनी रडली. तिला वाटलं, सुटलो.

नियम वाचायचं काम माझं. म्हाताऱ्याचा धंदा परदेशी माणूस ठेवायला सरकारनं मान्य केलेल्या मालकांच्या यादीत नव्हता आणि नसणार. आणि तो जास्तीत जास्त जेवढा पगार देऊ शकत होता तो सरकारी रेषेच्या कितीतरी खाली. रेषेखालचा माणूस कुशल नाही. मी वकिलाला विचारलं, दुसऱ्या वकिलाला विचारलं. दोघांनी तेच सांगितलं, दुसऱ्यानं जरा गोड शब्दांत. दिवसभर पडद्यावर आकडे सरकवणारा माणूस कुशल. गंजलेल्या लोखंडातून पुन्हा कापणारी वस्तू करणारा अकुशल. हे कुठल्या डोक्यानं ठरवलं ते मला आजही कळलेलं नाही, आणि ज्यांनी ठरवलं त्यांच्या हातून एक पाचर सरळ बसणार नाही.

दादानं म्हाताऱ्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या समजुतीनं दादा मोठ्या कंपनीत अर्धा दिवस काम करत होता आणि हा त्याचा छंद. आधी सांग, मी म्हणत राहिले. तो म्हणायचा, बघतो, योग्य वेळी. म्हाताऱ्याच्या खिडकीत ज्या पक्षाचं पोस्टर होतं त्याची एकच मागणी, परदेशी लोक कमी करा. दादा रोज त्या पोस्टरसमोर सायकल लावायचा.

"अगं, तो तसा नाहीये," मला सांगायचा. "माझ्याशी चांगला वागतो."

"तुझ्याशी. मत कुणाला देतो?"

"तू तिथे येऊ नकोस. माझं जमत आलंय."

काहीही जमत आलेलं नव्हतं. मुदत संपायला दोन आठवडे राहिले तेव्हा मी शेडमध्ये गेले. दादा आत कानस चालवत होता. मी म्हाताऱ्याला सगळं सांगितलं, नोकरी गेल्याचं, परवान्याचं, रेषेचं. मला त्याची लाज वाटत नाही. त्याच्याच दारात एका माणसाचं घर उठत होतं आणि त्याला माहीत नव्हतं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

म्हाताऱ्यानं दादाकडे पाहिलं. कानस थांबली होती.

"हे खरं आहे?"

दादानं हो म्हणून मान हलवली.

"पण तुला नाही घालवणार ते," म्हातारा म्हणाला. "ते नियम दुसऱ्यांसाठी आहेत. जे काही करत नाहीत त्यांच्यासाठी."

"तुम्ही ज्यांना मत दिलंत ते असा फरक करत नाहीत," मी म्हटलं. "माझा भाऊ म्हणजेच ते दुसरे."

म्हातारा म्हणाला की तो गावच्या पालिकेत कुणाला तरी ओळखतो, फोन करून बघेल. त्यानं खरंच केला, माझ्यासमोर, उभ्यानं. पलीकडच्या माणसानं हे आपल्या हातात नाही म्हणून सांगितलं असावं, कारण म्हातारा नुसता हो हो म्हणत राहिला आणि फोन ठेवला. पोस्टर त्यानं काढलं नाही. मीही काढा म्हटलं नाही, काढून दादाचा परवाना वाढणार नव्हता.

परतताना दादा सायकलवर माझ्यापुढे होता. घराच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "तिथे दिवसातले चार तास मी नोकरी गेलेला माणूस नव्हतो. तेवढं तरी ठेवायचंस." सिग्नल हिरवा झाला आणि तो पुढे निघून गेला.

उरलेले दिवस त्यानं घर रिकामं करण्यात घालवले. शेडमध्ये परत गेला नाही. भाचीला आता सांगावंच लागलं. तिनं वहिनीला डचमध्ये विचारलं, आपण काय चुकीचं केलं? जानेवारीत ते तिघं गेले. दादाला हिंजवडीत नोकरी लागली आहे, पगार ठीक, आकडे सरकवायचं काम. व्हिडिओवर विचारलं तर सगळं मजेत म्हणतो. भाची कॅमेऱ्यापुढे येत नाही.

मार्चमध्ये मला म्हाताऱ्याचा फोन आला. मागण्या अंगावर आल्या आहेत, खांदा अजिबात चालत नाही. तुमच्या लोकांत, त्यानं विचारलं, तुझ्या भावासारखं आणखी कुणी आहे का?

"आहेत," मी म्हटलं. "पण तेही रेषेखाली जातील."

तो म्हणाला, बरं, कळव कुणी भेटलं तर. आणि मी फोन ठेवायच्या आत त्यानंच ठेवला.