फळ्यावरचा शब्द

माझ्या लहानशा ब्रुअरीतल्या फळ्यावर आंब्याच्या बिअरपुढे मी दोन वर्षे ‘सौम्य’ असे लिहीत होतो. ती सौम्य नव्हती. पण त्या शब्दावर खपत होती. निवृत्त शिक्षक कुलकर्णी सरांनी एकदा विचारलेही होते, “सौम्यच आहे ना? स्कूटरवर आलोय.” मी होकारार्थी मान हलवली. ती पिऊन परतताना सर वळणावर पडले, मनगट मोडले. “वय झालं,” म्हणत त्यांनी स्कूटर विकली, आणि मी गप्प राहिलो.

आज सकाळी तो शब्द ओल्या फडक्याने पुसला, तरी खडूची फिकट सावली उरलीच. नुसत्या पुसण्याने चूक जात नसावी. त्या सावलीवरच मी बिअरची खरी तीव्रता लिहिली आणि खाली लिहिले, ‘वाहन चालवणाऱ्यांना फक्त सरबत.’

दुपारी सर आले, फळ्यापाशी थबकले. “काय हो, एकदम जहाल झाली ही?”

“पहिल्यापासून अशीच होती, सर. खोटं मी लिहीत होतो.”

सरांनी मनगटाकडे पाहिले, मग हसले. “म्हणजे मी म्हातारा झालो नव्हतो तर!”



“नव्हता, सर,” मी म्हणालो. “तुम्ही माझ्यामुळे पडलात. मला क्षमा करा.”