आईशी बोलायची जागा

कापसाचे ट्रक रस्त्याला लागले की ती घटना आजही आठवते, आणि का कोण जाणे, अर्धवट झोपेत पाहिल्यासारखीच आठवते. तेव्हा मी शेवगावकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच घेणार नाही.

एका दुपारी कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्यात काम करणारी बाई ठाण्यात आली. वय तिशीच्या आतबाहेर, केसांत रुई अडकलेली. मूळची पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातली. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून इकडे आली होती. तिनं दोनदा खोली बदलली आणि दोन्ही वेळा नवरा नेमका दारात येऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा त्याच्या हातात कोयता होता.

"नव्या खोलीचं कुणाला सांगितलं होतं, बाई?" मी विचारलं.

"कुनालाच न्हाई, साहेब. फकस्त आईला."

"आई कुठं असते?"

"ती वारली. मी ल्हान हुते तवाच."

ठाणे अंमलदारानं लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मते बाई डोक्यानं सरकलेली होती. पोलिसाला तसा शहाणा माणूसही संशयित वाटतो, मग मेलेल्या आईशी बोलणाऱ्या बाईची काय कथा! पण तिचं सांगणं सरळ होतं. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाया उन्हाला जाऊन बसत, तेव्हा ही विश्रांतीच्या खोलीत एकटी थांबे आणि आईला सगळं सांगे. राहत्या खोलीत घरमालकीण कानोसा घ्यायची, रस्त्यात नवऱ्याची धास्ती. मोकळं बोलायला तिला साऱ्या मुलखात ती एवढीच जागा होती.

महिला हवालदारानं सोबतच्या बायांचे जबाब घेतले. सगळ्यांनी आपण कुणाला काही सांगितलं नसल्याच्या शपथा घेतल्या, एकमेकींकडे तिरकं पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून हिच्याशी बोलणंच टाकलं. चौकशीचा हा तोटा असतोच. चोर सापडेपर्यंत सगळेच चोर.

मग मी स्वतः गेलो. यंत्रं थांबली होती. आवारात कापसाचे ढीग, विश्रांतीच्या खोलीत हवेत तरंगणारे तंतू, आणि त्यांतून झिरपत आलेलं झरोक्याचं ऊन. पावलाचाही आवाज होत नव्हता. मलाच तिथं भिंतीला टेकून डोळे मिटावेसे वाटले, आणि ती बाई इथं आईशी का बोलत असेल ते कळलं. वर पाहिलं तर कोपऱ्यात कॅमेरा. त्याच्यावरही रुई बसली होती.

"बायांच्या खोलीत कॅमेरा कशाला?" मी मालकाला विचारलं.

"साहेब, ह्या चोरून मिसरी भाजत्यात. एक ठिणगी पडली तर समदं जिनिंग जाईल."

मिसरी म्हणजे काळी भाजून दाताला लावायची तंबाखू. आमच्याकडच्या कित्येक बायकांचं चहावाचून भागेल, तिच्यावाचून नाही. मालकाची भीती खरी होती. पण कॅमेऱ्याला ऐकूही येतं, हे बायांना कुणी सांगितलं नव्हतं. चित्र आणि आवाज मालकाच्या मोबाईलवर जात, आणि त्याला सवड नसल्यामुळे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्याही.

आता खात्री करायची होती. मी बाईला म्हणालो, "उद्या आईला सांगा, मार्केट यार्डामागं नवी खोली घेतली म्हणून."

"आईसंग खोटं बोलू?"

"एवढं एकदाच."

नवरा मार्केट यार्डामागं आलाच. साध्या वेशातल्या आमच्या माणसांनी त्याला तिथंच धरलं. मुकादमाचं नाव त्यानं चहा यायच्या आत सांगितलं.

मुकादम माझ्यासमोर बसला तो सोयरीक जुळवून आलेल्या माणसासारखा. तो ऊसतोडीलाही टोळ्या पाठवायचा, आणि तिथं जोडप्यालाच मिळून एक 'कोयता' म्हणून मोजतात. हे जोडपं आधी त्याच्याच टोळीत होतं, म्हणून मोबाईलवर पाहताच त्यानं तिला ओळखलं होतं.

"नवरा-बायकू मिळून एक कोयता, साहेब. बाई न्हाई तर एकला गडी काय कामाचा? म्या संसार जोडत हुतो."

"तिचं खाजगी बोलणं ऐकून?"

"बोलनंच ऐकलं नव्हं? तिचं घेतलं काय म्या?"

पाठलाग आणि धमकीचा गुन्हा दोघांवर दाखल झाला. मालकानं कॅमेरा काढून बाहेर कापसाच्या ढिगाकडे लावला आणि मिसरीसाठी आवाराबाहेर चूल मांडू दिली. ते आधीच सुचलं असतं तर! पण लोकांना माणसावर नजर ठेवणं सोपं वाटतं, त्याची अडचण विचारणं जड जातं.

पुढे साक्षीच्या वेळी ती कोर्टाच्या आवारात भेटली. नवऱ्याचा त्रास थांबला होता, काम चालू होतं. मी सहज विचारलं, "आता बोलता ना आईशी? कॅमेरा तर काढलाय."

"काढलाय, साहेब. पन त्वांड उघडलं की वाटतं, कोनतरी ऐकतंय. मग मनातच बोलते. पन मनात बोललं की आई काय बोलत न्हाई."

मला फार वाईट वाटलं. कामाला येणारा माणूस मालकाला आपले हात देतो, वेळ देतो. त्याचं मन त्या मजुरीत धरलेलं नसतं, एवढं ही केस मला शिकवून गेली. चोरीला गेलेली कितीतरी मंगळसूत्रं मी पंचांसमक्ष मालकिणींच्या हातावर ठेवली. हिची आई मात्र मला परत देता आली नाही.