नमस्काराने वाढणारा उजेड

आमच्या घरी संध्याकाळी दिवा लागला की हात जोडायचे, मग तो समईचा असो की बटणाचा. बाबा तर ट्यूबलाइटलाही मनोभावे नमस्कार करतात. ती फडफडत पेटेपर्यंत त्यांचे हात जोडलेलेच असायचे.

बाबा खजरान्याच्या गणपतीला गेले होते त्या दुपारी मी बैठकीतली ट्यूब काढवून त्याच पट्टीत एलईडी बसवून घेतली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “दीदी, सेन्सरवाली है. कोई हिला नहीं तो खुद मंद हो जाएगी. हाथ हिलाओ, फिर फुल.” बिल कमी येणार या आनंदात बाबांना सांगायचं राहूनच गेलं.

बाबांना मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशन ठरलं होतं. पेपर घेऊन बसले की ते इतके स्तब्ध असतात की माशीनेही बिनधास्त येऊन बसावं. आठवडाभरात ते खुशीत म्हणाले, “अगं, डॉक्टरला मना कर दे. अंधारून आलं की मी बाप्पाला हात जोडतो, आणि एकदम साफ दिसतं. अपना तो काम हो गया.”

मी कपाळावर हात मारून घेतला. “बाबा, ते सेन्सर आहे. तुम्ही हललात की लाइट वाढतो.”

“असेल. पण सेन्सरला बुद्धी कोण देतो?”

दुसऱ्या दिवशी बाबांकडून हे ऐकून शेजारच्या काकू आपला दुखरा गुडघा घेऊन आमच्या ट्यूबखाली हात जोडून बसल्या. लाइट वाढला आणि काकूंना बरंही वाटलं. माझं मात्र डोकं फिरलं. इलेक्ट्रिशियनला बोलावून मी सेन्सर बंदच करून टाकला.

त्या संध्याकाळी लाइट एकसारखा लख्ख राहिला. बाबांनी हात जोडले. थोड्या वेळाने पुन्हा जोडले. मी तोऱ्यात विचारलं, “आता सांगा, दिसतंय साफ?”

त्यांनी पेपराची घडी घातली. “नाही गं. तेव्हाही दिसत नव्हतं. पेपर नुसता धरून बसायचो. वाचत असतो तर पानं नसती उलटली?”

मला एकदम रडूच आलं. पान उलटलं असतं तर लाइट मंद झालाच नसता, एवढंही मला सुचलं नव्हतं.

“ऑपरेशनची भीती वाटते,” बाबा म्हणाले. “तू आत येशील ना?”

आत कुणालाही सोडत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

“येईन,” मी म्हटलं.