पायाला पाय लागला

माझी धाकटी जाऊ यामिनी परदेशात, व्हिटबीत राहते; मीही तिथेच जवळ. सॉफ्टवेअरमध्ये चांगली मुरलेली असताना, २००९ साली, तिनं नर्सिंगला अप्लाय करायचं ठरवलं. आधीची डिग्री असलेल्यांसाठी वेगळा, छोटा कोर्स होता. फक्त वृद्धाश्रमात काम केल्याचा अनुभव हवा होता.

"चाळिशीत लोकांचे डायपर बदलणार?" मी तोंडावर विचारलं. असल्या खुळांचा मला रागच येतो.

"वहिनी, बाहेर बर्फ आहे. वृद्धाश्रमात सोडता का मला?" ती एवढंच म्हणाली.

तिथे मिसेस डॉसन नावाच्या एक आजी होत्या. पायांना कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मोजे बदलायला आलेल्या नर्सला चक्क लाथ मारायच्या. यामिनीनं त्यांना चहा दिला आणि वळताना तिचा पाय त्यांच्या पायाला लागला. आपण सगळे करतो तेच तिनं केलं. चटकन वाकली, त्या पायाला हात लावला आणि नमस्कार केला.

तिला सोडायला आत आलेली मी दारातूनच बघत होते. आता लाथ बसणार!

"हे काय केलंस?" आजींनी इंग्रजीत दरडावलं.

"सॉरी म्हटलं," यामिनी म्हणाली. "तुमच्या पायाला."

 आजींनी ब्लँकेट सारलं आणि दुसरा पायही पुढे केला.

यामिनी जमिनीवर बसली. तो पाय मांडीवर घेऊन हळूहळू मोजा उतरवू लागली.

मी दाराबाहेर माझे बूट काढले आणि मगच आत पाऊल टाकलं.