कुंकू लावलेली फ्लॉपी

"उठ रे बाबा, नऊ वाजले," असं कॉम्प्युटरला सांगून रुमालाने त्याची काच पुसल्याशिवाय आमचे कॉम्प्युटरवाले बटण दाबत नसत. चपला दाराबाहेर. तुमच्याही ऑफिसात असेल असा एखादा, यंत्राशी घरच्यासारखा बोलणारा. आमचं ऑफिस अंधेरीला, मोटारींच्या सुट्या भागांचं. मी तिथे टायपिस्ट होते.

आधी ते खाली गोडाऊनमध्ये होते. तिथल्या धुळीने दमा मागे लागला. मग पुस्तकं वाचून त्यांनी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. कुठला माल कुठल्या फळीवर आहे, ते तो लगेच सांगायचा. शेठ खूश झाले आणि त्यांना वर एसीत बसवलं. "एसी मशीनीसाठी गो, मी आपलो फुकट श्वास घेतंय," असं म्हणून हसायचे.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास नवा कॉम्प्युटर आला. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम नवी, जुना प्रोग्रॅम तिच्यावर चालेना. तयार प्रोग्रॅम घ्यायचा तर अठरा हजार, आणि तो चालवायला विकणाऱ्या कंपनीचाच माणूस. ते म्हणाले, "शेठ, मी परत लिहितो."

"दसऱ्यापर्यंत. नाही जमलं तर तुम्ही खाली."

चार जाड वह्या भरल्या. मग त्या वह्यांतून एकेक ओळ टाइप करून फ्लॉपीवर उतरवली. दुसरी प्रत काढायला कोरी फ्लॉपी मागितली, तर शेठ म्हणाले, "एक दिली ना? महाग असते ती." खंडेनवमीच्या सकाळी प्रोग्रॅम पुरा झाला. ते झेंडूची फुलं आणायला गेले.

ऑफिसातली पूजा दरवर्षी माझ्याकडे. टाइपरायटर, कात्री, पंचिंग मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. टेबलावरची फ्लॉपी पाकिटातून काढली. तिचं कपाळ कुठे, मला काय माहीत! मधल्या फटीत जरा चमकत होतं, तिथेच ओलं कुंकू टेकवलं आणि भक्तिभावाने दाबलंसुद्धा.

फुलं घेऊन आले आणि दारातच थांबले. मग रुमालाने हलकेच पुसू लागले. लाल डाग पसरत गेला. कॉम्प्युटर ती वाचेना.

मी रडायला लागले. "आसांदे गो," ते म्हणाले. "तुका काय म्हायत?"

दसऱ्यानंतर त्यांनी शेठना सांगितलं, "माझ्या हातून खराब झाली. महिनाभर द्या, वह्या आहेत." मी शेजारीच उभी होते. तोंड उघडलं नाही, नोकरीची भीती वाटली. शेठनी महिना दिला नाही. अठरा हजार दिले.

ते खाली गेले. त्यांचा खोकला जिन्यावरून वर ऐकू यायचा. पावसाळ्यात तो थांबला. आम्ही ऑफिसातले कांदिवलीला त्यांच्या घरी दुखवट्याला जाऊन आलो, त्यांच्या बायकोसमोरही मी गप्पच बसले.

पुढच्या खंडेनवमीला मी सगळ्यांना कुंकू लावलं. कॉम्प्युटरजवळ हात पुढे होईना.

"याला का नाही लावलं?" शेठनी विचारलं.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

"विसरले," मी म्हटलं.